खिंडीतली दुसरी पाळी

तीनशे माणसं मारायला किती वेळ लागतो, सांगता येईल तुम्हाला? मिलिंदला कोकम सरबताचा एक घोट गिळण्याइतका लागला. ओठ पुसून तो म्हणाला, "राक्षस खिंडीत घुसले. गावकरी सगळे मेले. आता उरले दोन वीर."

घाटकोपरच्या आमच्या इमारतीची गच्ची, पाण्याच्या टाकीची सरकत जाणारी सावली, मे महिन्याच्या उन्हात मऊ पडलेल्या डांबराचा वास... मिलिंदच्या बोटीवरच्या मामानं परदेशातून एक जाड पुस्तक आणलं होतं, आणि शब्दकोश मांडीवर घेऊन आम्ही त्यातून हा खेळ शिकलो होतो. मिलिंद कथा सांगायचा, आम्ही तिघं – सुन्या, ज्योती आणि मी – त्या कथेतले वीर. तलवार चालवायची असो की नदी ओलांडायची, डब्यात हात घालून हौजीचा एक ते वीसमधला नंबर काढायचा – मोठा आला तर जमलं. माझी वीरांगना आदल्या दिवशी दलदलीत बुडाली होती, म्हणून मला गावाची फौज मिळाली होती – कोयते घेतलेले धनगर, वल्ही घेतलेले कोळी, मातीनं हात माखलेले कुंभार. वीस माणसांमागे एक, असे पंधरा चिंचोके. समोर आठशे राक्षस, म्हणजे फणसाच्या चाळीस आठळ्या, अजून गोडूस वासाच्या.

"नंबर न काढताच मेले?" मी विचारलं.

"गावकरीच आहेत ना गं ते! एकेकाचा नंबर काढत बसलो तर इथेच गणपती येतील."

"वाट लागली तुझ्या गावाची," सुन्या खिदळला.

मी चिंचोके फ्रॉकच्या ओच्यात गोळा केले आणि खाली घरी निघून आले.

आमच्या घरात कॉटखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा साकीनाक्याच्या एका कारखान्यात फिटर, युनियनचं काम करणारे. त्या कागदांच्या ओल्या शाईच्या वासातच मी अक्षरं जुळवायला शिकले, आणि मागणी लिहून करायची असते हेही. त्या दुपारी मी कार्बन घालून तीन प्रतींत पत्रक लिहिलं. प्रत्येक तुकडीला तिचा नंबर मिळालाच पाहिजे. निम्मी तुकडी पडली तर उरलेल्यांच्या धीरासाठी वेगळा नंबर काढावा. आणि नंबर काढल्याखेरीज कुणाचाही मृत्यू जाहीर करू नये! ज्योतीनं लगेच सही केली. सुन्या म्हणाला, "सही करतो, पण माझ्या वीराला घोडा दे." घोडा दिला. सह्या झाल्यावर मिलिंदला सांगितलं – हे मान्य नसेल तर उद्यापासून खेळ बंद.

त्यानं पत्रक दोनदा वाचलं. "ठीक आहे. पण नियम राक्षसांनाही तोच. धीराचा नंबर दहाच्या खाली आला की तुकडी पळाली." तो हसत होता, कारण कुंभार कितीसे टिकणार!

दुसऱ्या दिवशी गच्चीवर पुन्हा खिंड आखली. खडूच्या दोन रेषांमध्ये एका वेळी तीनच तुकड्या मावत होत्या. धनगर पुढे गेले, डबा खडखडला, पहिल्याच फेरीपासून प्रत्येक तुकडीतले चार-चार पडू लागले. दुसऱ्या फेरीनंतर निम्मी तुकडी पडायला दोघेच कमी होते... आणि मी तिन्ही चिंचोके मागे ओढून तीन नवे पुढे सरकवले.

"हे काय?" मिलिंद ओरडला.

"पहिली पाळी सुटली. दुसरी पाळी आली."

"हे पुस्तकात नाहीये यार!"

"पुस्तक लिहिणारा साकीनाक्याला कामाला नसेल," सुन्या म्हणाला.

पंधरा तुकड्या, पाच पाळ्या – कोळी आले, कुंभार आले, दमलेले मागे जाऊन पाणी प्यायले. राक्षस मात्र तेच, तिथेच, एकसारखे लढत राहिले. त्यांना बदलायचं मिलिंदच्या मनातच आलं नाही. त्यांच्या पुढच्या तिन्ही तुकड्या निम्म्या झाल्या. धीराचा नंबर – चार. मग सात. मग दोन! पळणारे मागच्यांवर कोसळले, मागचे त्यांच्यासकट वळले, आणि मिलिंद स्वतःच्या हातानं आठळ्या खिंडीबाहेर नेऊ लागला. ज्योतीनं अशी आरोळी ठोकली की खालच्या मजल्यावरच्या काकू धावत वर आल्या. "काय झालं गं? कोण पडलं?"

"कुणी नाही, काकू," मी म्हणाले, "कुंभार जिंकले!"

एकशे ऐंशी गावकरी चालत घरी गेले. प्रत्येकाच्या बाजूनं कुणीतरी डब्यात हात घातला होता.

मिलिंद पुढच्या वर्षी ते पुस्तक घेऊन दुबईला गेला. जाण्याआधी त्यानं मला त्यातलं एक पान उघडून दाखवलं होतं. समासात पेन्सिलीनं लिहिलेलं – 'तुकडीला नंबर. पाळी बदलता येते.' खाली माझं नाव. ते पुस्तक आता कुठे असेल, ठाऊक नाही.

तुमची एक मदत हवी. आज घरातल्या मुलांना राजा-राक्षसांची गोष्ट सांगाल, तेव्हा फौज आली की थांबा. "बाकीचे मेले" असं म्हणू नका. त्या बाकीच्यांना मुलांच्या ताब्यात द्या, आणि ती काय करतात ते पाहा.