पडवीच्या भिंतीवरचे षटकार

ये गो, अशी जवळ बस. किती महिन्यांनी तोंड दाखवलंस, आणि वर मलाच विचारतेस, आजी, तुला क्रिकेटमधलं काय कळतं? ऐक तर.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. लग्न होऊन मी मिरजोळ्यात आले. तुझे आजोबा नोकरीला मुंबईत. घरात सासूबाई, मी आणि माझे धाकटे दीर, म्हणजे आता टक्कल पडलेले तुझे लहान आजोबा. सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावरच्या, सामन्यात त्यांनी षटकार मारला की घरी येऊन पडवीच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढायची, शाळेत असल्यापासूनची रीत. शंभर षटकार वाडीत कुणाचेच झाले नव्हते. पण रेघा मोजायच्या नाहीत. पुरे व्हायच्या आधी मोजलं तर दृष्ट लागते, असं सगळेच मानत.

मला मेलीला हे कोण सांगणार? शिमगा आला. उद्या ग्रामदेवतेची पालखी घरी येणार, म्हणून मी भल्या सकाळी चुना कालवला आणि भिंत लख्ख पांढरी केली.

दुपारी भावोजी सामना खेळून आले, हातात कोळसा. भिंतीपुढे नुसते उभे राहिले. जेवायलाही आले नाहीत. इतक्या वर्षांचं सगळं माझ्या एका कुंचल्याने गेलं. मी चुलीपुढे बसून रडले.

सासूबाई एरवी चेंडू बडवून पोट भरतं का, म्हणून भावोजींना टोचायच्या. त्या उठल्या, माळ्यावरून बरणी काढली आणि पडवीत चिंचोके ओतले.

"भिंत कधी ना कधी पांढरी व्हायचीच होती, मेल्या. तू रेघ ओढलीस की मी एक टाकत होते. मोज आता. दृष्ट लागली तर माझ्या माथी."

भावोजींनी मोजले. पुन्हा मोजले. एकशे तीन! त्यात आजचे दोन धरायचेच होते. शंभरावा कधीच होऊन गेला होता आणि कुणाला पत्ताच नाही. भावोजी हसत सुटले, म्हणाले, "वहिनी, वाढा आता." माझ्या छातीवरचा धोंडा उतरला बघ. दुसऱ्या दिवशी पालखीपुढे नारळ मीच ठेवला.

ती बरणी अजून आहे. भिंतीला चुनाही मीच लावते, पण हल्ली हात भरून येतात गो. यंदा पालखीच्या दोन दिवस आधी ये. कुंचला तुझ्या हातात देते.