गुंडेरावांचं हसू

बंगळुरातल्या विजयनगरच्या आमच्या गल्लीत गुंडेरावांइतका निरुपद्रवी माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. डासाला मारण्याआधी दोनदा हाकलून बघणारा माणूस! म्हणूनच तर त्या कन्नड गुन्हेगारी मालिकेवाल्यांच्या डोळ्यांत ते भरले. गोष्ट एका साध्यासुध्या निवृत्त कारकुनाची. तो एके दिवशी शाळेच्या फाटकातून मूल पळवतो. दिग्दर्शकाने एवढंच सांगितलं, "सार, नटू नका. घरी हसता तसंच हसा."

गुंडेराव हसले. तसेच, जसे नातीकडे बघून हसतात.

भाग लागला त्या संध्याकाळी त्यांनी अख्खी गल्ली घरी बोलावली. गिरिजाबाईंनी बोंडे तळत ऐकवलंच, "साकु की आता, पुरे करा, या वयात कसली हो नाटकं!" पडद्यावर गुंडेराव चॉकलेट धरून वाकले, हसले, "बा पुट्टी, ये गं बाळ" म्हणाले. मांडीवरची सहा वर्षांची ईश्वरी मुकाट्याने उठली आणि आजीच्या पदराआड गेली. गुंडेराव खूश. म्हणाले, "बघा, पोरगी घाबरली! म्हणजे काम झकास झालंय."

दुसऱ्या दिवशी ईश्वरीची रिक्षा आली नाही. सून कांचन साताऱ्याची, हेब्बाळच्या कंपनीत कामाला. तिने फोन केला, "बाबा, तेवढं ईशूला आणाल का? मी मीटिंगमध्ये आहे." गुंडेराव ऐटीत निघाले.

शाळेच्या फाटकाशी आयांची गर्दी होती. एकीने त्यांच्याकडे बघितलं, मग पुन्हा बघितलं. "अय्यो! काल टीव्हीत दाखवला तो हाच!"

टीव्हीतला चोर खरा की नुसता नट, हे कोण बघतो? क्षणात सगळ्या आयांनी आपापली पोरं पोटाशी ओढली. रखवालदाराने फाटक लावलं. हातात हेल्मेट घेतलेल्या एकाने गुंडेरावांची कॉलर धरली.

"अहो, मी नातीला न्यायला आलोय," गुंडेराव म्हणाले, आणि जन्मभराच्या सवयीने हसले.

तेच हसू! गर्दी एक पाऊल मागे सरली आणि दुप्पट जोराने पुढे आली. कोणीतरी पाठीत गुद्दा घातला. चष्मा खाली पडला. त्यांनी कांचनला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. आता कोणी पहिला दगड उचलला की संपलं, एवढंच त्यांना कळत होतं.

तेवढ्यात तुंगा टीचर ईश्वरीला हाताशी धरून आल्या. "पुट्टी, घाबरू नको. हे कोण?"

गुंडेरावांचा जीव भांड्यात पडला. पण ईश्वरी आजोबांच्या तोंडाकडे बघत टीचरच्या मागे सरकली आणि हळूच म्हणाली, "टीव्हीतला माणूस."

मारायला हेल्मेट वर उचललं गेलं. गुंडेरावांना ते दिसलंही नाही. गर्दीची भीती केव्हाच मागे पडली होती. नातीच्या डोळ्यांत त्यांना खरोखरचा चोर दिसत होता, आणि त्याचं तोंड त्यांचंच होतं. ओठांवर उरलंसुरलं हसू गळून पडलं.

"ईश्वरी!" ते एकदम ओरडले. "बुटाची नाडी बघ! लोंबतेय! तोंडावर पडशील ना! किती वेळा सांगायचं?"

ईश्वरी दचकून खाली बसली. नाडीशी झटापट करत रडवेल्या आवाजात म्हणाली, "बांधते ना अज्जा, ओरडू नको की."

पोरीच्या तोंडून अज्जा ऐकताच हेल्मेट खाली आलं. कॉलर सुटली. कोणीतरी चष्मा पुसून हातात दिला, कोणी "सॉरी सार" म्हणालं. कांचनचा फोन आला, टीचर तिच्याशी बोलल्या, फाटक उघडलं.

रस्त्याला लागल्यावर गुंडेरावांनी हात पुढे केला. ईश्वरी हातभर लांबूनच चालत होती. बरंच पुढे गेल्यावर तिने त्यांचं एकच बोट धरलं.

"अज्जा, तू हसू नको हां."

कोपऱ्यावरचे नरसिंहमूर्ती समोरून आले. "काय हो हिरो, गाजवलात की काल!" म्हणत टाळीसाठी हात पुढे केला.

गुंडेरावांनी ओठ घट्ट मिटले, मान खाली घातली आणि ते बोट सुटू नये म्हणून जपून पुढे चालू लागले.