जखू मिस्त्रीनं जहाज ओलं ठेवलं

कच्छातल्या मांडवी बंदरात नदीकाठी जखू मिस्त्रीचं जहाज चार उन्हाळे तसंच उभं होतं. खरं तर ते त्याचं नव्हतंच. बांधायला लावणारा व्यापारी दुबईत वारला, त्याच्या मुलांनी धंदा बदलला आणि बाजूच्या फळ्या ठोकून झालेलं, पण डेक नसलेलं जहाज वाळूत टेकूंवर राहिलं. कारागीर काठावरच्या दुसऱ्या जहाजांवर गेले. मीही गेलो. माझं काम फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकायचं. ते कुठंही मिळतं.

जखू गेला नाही. आमच्याकडचं ऊन लाकडाला तडे पाडतं, म्हणून रोज भरती आली की तो नदीतलं खारं पाणी बादलीनं उपसून जहाजाच्या अंगावर मारायचा. आधी एक बाजू, मग दुसरी. साठीचा माणूस, गुडघे धरलेले.

"एवढं पाणी मला घातलं असतंत तर मला पालवी फुटली असती," त्याची बायको वेलबाई म्हणायची. "यापेक्षा सवत परवडली. भांडायला तरी मिळालं असतं!"

लोकही हसायचे. लोखंडी जहाजांच्या काळात लाकडाला कोण विचारतो? मी त्याला तसं बोललोही.

"मावजी, सोमालियातल्या उथळ बंदरांत ती धुडं शिरतात का?" तो म्हणाला. "लाकडी जहाजानं तांदूळ नेला नाही, तर तिथल्या लोकांनी भात खायचा नाही?"

चौथा पावसाळा सरला आणि सलाया बंदरातून उमर नाखवा जहाज शोधत आले. जहाजाभोवती फिरले, बोटांनी ठोकून पाहिलं, सांध्यात चाकूचं टोक घालून पाहिलं.

"कुणी राखलंय हे?"

मी जखूकडे बोट दाखवलं. तो बादली घेऊन उभाच होता.

"घेतो मी," नाखवा म्हणाले. "पण शिडावर आता कोण जातं? इंजिन बसवायचं, म्हणजे मागची बाजू कापावी लागेल. पोरबंदरचा मिस्त्री आणतो. त्याला त्यातलं कळतं."

जखूचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता हा बादली फेकून घरी जाणार. एकदा एका मालकानं 'फळी वाकडी बसली' म्हटलं म्हणून यानं भर दुपारी काम सोडलं होतं. तो वाळूत बसला. पण तिथूनच म्हणाला, "नाखवा, चाळीस वर्षांत मी इंजिन बसवलं नाही. मला येत नाही. त्याला आणा. मी त्याच्या हाताखाली राहतो. पण कापायचं असेल तर करवत मी धरणार."

"तुम्ही? हाताखाली?"

"शिकायची लाज कसली? एवढं लाकूड वाया गेलं तर लाज."

पोरबंदरचा भिखू त्याच्या निम्म्या वयाचा. पहिल्या दिवशी एवढ्या वडीलधाऱ्या मिस्त्रीला काम सांगायला त्याची जीभ रेटेना. शेवटी जखूच ओरडला, "अरे, सांग की! मुका आहेस का?" मग कामानं वेग घेतला.

पाच महिन्यांनी उधाणाच्या भरतीला नारळ फोडून जहाज पाण्यात लोटलं. तरंगलं, आणि लगेच आत पाणी येऊ लागलं. नाखवांनी डोक्याला हात लावला. जखू आणि मी कंदील घेऊन तळाशी उतरलो. पाझरत होते ते दोन सांधे, दोन्ही नव्यानं कापलेल्या मागच्या बाजूचे. आम्ही कापूस ठोकला. चार वर्षं भिजवलेल्या जुन्या फळ्यांतून थेंबही येत नव्हता. जखू त्यांच्यावर तळहात ठेवून बसला. मग वर आला.

"चला आमच्याबरोबर सोमालियाला, बेरबेरा बंदरात," नाखवा म्हणाले. "जहाजावर सुतार लागतोच."

आयुष्यभर जहाजं बांधणारा तो माणूस नदीच्या मुखापलीकडे कधी गेला नव्हता. त्यानं वेलबाईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? जा की!" ती म्हणाली. बाजरीचे रोटले, गूळ आणि लसणाची चटणी बांधून देताना मात्र तिचे डोळे भरून आले. "ओकाऱ्या झाल्या तर माझ्या नावानं बोटं मोडू नका."

तीन दिवस ओकलो, असं त्यानंच नंतर सांगितलं. चौथ्या दिवशी तो उठून बसला आणि जहाजातलं पाणी उपसायचा पंप दुरुस्त केला.

पावसाआधी तो परतला, काळा पडलेला, वाळलेला, पण चालण्यात नवीच ऐट. नाखवांनी दुसरं जहाज बांधायला त्यालाच सांगितलं होतं. आठवड्याभरात नदीकाठी त्या जहाजाच्या तळाचं लाकूड येऊन पडलं. इंजिनाचा दांडा कुठून जाणार, ती खूण जखूनं स्वतःच्या हातानं खडूनं केली, आणि मग भिखूला निरोप धाडला: "ये, चूक काढून दाखव."