अकरा वर्षांची पिकअप आणि अर्ध्या वाटेवरची म्हैस

माझी डिझेल पिकअप आता अकरा वर्षांची झाली. नवी होती तेव्हा सिंदेवाहीत लोक थांबून बघायचे. गाडी नव्हे, स्टिअरिंगवर बाई बसलीय ते. नवऱ्याला गाडी लागते, म्हणून ती चालवायची कोणी हा प्रश्न आमच्याकडे कधी आलाच नाही. तो शेत बघतो, मी भाडी मारते.

रिकामी असली की तिचे स्प्रिंगचे पाटे इतके कडक, की कंबर ढिली होते. धानाची पोती चढली की तीच गाडी शहाण्यासारखी चालते. थंडीत हीटरचा दिवा विझायच्या आत किल्ली फिरवली तर रुसते. दुसरा गिअर पहिल्यापासून अडतो. क्लचप्लेट दोनदा बदलली, इंजिन मात्र अजून उघडावं लागलेलं नाही.

माल म्हणून काय काय नेलं तिच्यातून! धान, बांबू, मंडपाच्या खुर्च्या, एकदा तर नाटकाचा अख्खा राजवाडा. पण आठवते ती म्हैस.

मूलकडच्या एका खेड्यातल्या म्हाताऱ्याला आपली गाभण म्हैस चामोर्शीच्या बाजारात न्यायची होती. गुडघ्यांमुळे त्याच्याने आता चरायला नेणं होत नव्हतं. मला बघून तो चाचरला.

"गाडी तूच चालवून राह्यली काय, बाई?"

"हो भाऊ. म्हशीले चालेल ना?"

म्हशीचं काही म्हणणं नव्हतं. त्याच्या म्हातारीचं होतं. ती विकायच्या विरोधात होती आणि दोन दिवस नवऱ्याशी बोलली नव्हती. तो माझ्या शेजारी बसला. ती मागे, धानाच्या तणसावर, म्हशीचा दोर धरून.

"व्याले पंधरा दिवस आहेत अजून," तो वाटेत म्हणाला. "गाभणीले गिऱ्हाईक चांगलं भेटते."

जंगलाचा पट्टा लागला आणि केबिनच्या टपावर थापा पडू लागल्या. मी गाडी कडेला घेतली. म्हातारी मागून ओरडली, "पंधरा दिवस म्हने! पाय दिसून राह्यले!"

दोन दिवसांनंतर नवऱ्याशी ती पहिल्यांदा बोलली ती अशी.

मी मागचा फाळका उघडला. म्हैस आडवी झाली होती. लोखंडी पत्र्यावर पाय घसरू नयेत म्हणून मी तिच्याखाली आणखी तणस आणि ताडपत्री सारली. माहेरी गुरं होती, पण असं सागाच्या सावलीत, गाडीच्या हौद्यात बाळंतपण मी पाहिलं नव्हतं. पिल्लाचा एक पाय मी धरला. दुसरा म्हातारीने. "कळ आली का मंग ओढ, उगाच नको," ती म्हणाली. म्हातारा म्हशीच्या डोक्याशी बसून तिचं कपाळ खाजवत राहिला. कळा येत गेल्या, आम्ही दोघी ओढत गेलो, आणि एका जोराच्या कळेसरशी अख्खं पिल्लू माझ्या मांडीवर येऊन पडलं.

"वगार आहे!" म्हातारी ओरडली. म्हातारा हसायला लागला, मग डोळे पुसायला लागला.

म्हैस पिल्लाला चाटू लागली. वगार धडपडून उभी राहिली, पडली, पुन्हा उठली. मी विचारलं, "भाऊ, आता बाजारात जायचं का?"

त्याने बायकोकडे बघितलं. "काऊन न्याचं आता? घरी चल," ती म्हणाली. "चराले मी नेईन."

"तुले होईल काय?"

"तुह्यापेक्षा बरं होईल."

मी गाडी वळवली. परतताना खड्डा दिसला की मी पहिल्या गिअरवर यायची. तो मागे वगारीजवळ बसला आणि ती माझ्याशेजारी येऊन सारा रस्ता बोलत राहिली, बहुतेक त्याच्याबद्दलच.

चौथ्या दिवशी त्यांच्या गावावरून जाताना म्हातारीने चिकाचा डबा हातात दिला. घरी नेईपर्यंत धीर नव्हता; उकळून गूळ घातलेला तो खरवस मी केबिनमध्येच बसून निम्मा संपवला. त्या बाजूला भाडं असलं की अजूनही मी त्यांच्या दारात तणसाच्या पेंढ्या टाकते. वगार आता दोन वेळा व्यालीय. म्हातारा तिच्या पाठीवर थाप मारून गावात सांगतो, "गाडीत जन्मली हे, म्हनून एवढी धावते."