मास्तरांचं राहून गेलेलं मत

रशीद मास्तर गेल्याचा फोन सकाळी साडेसातला आला आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की अजून दहा वाजायचे आहेत. अशा वेळी माणसाला काय सुचेल याचा भरवसा नसतो. आदल्या दुपारी मास्तर आणि मी एका नव्या मराठी चित्रपटाला गेलो होतो. मास्तरांची मुलगी यास्मिनही आली होती, पण ती मुद्दाम चार रांगा मागे बसली. चित्रपट संपल्यावर जी नावं सरकत जातात त्यांत ‘वेशभूषा’ या शब्दापुढे पहिल्यांदाच तिचं एकटीचं नाव आलं होतं. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, “अब्बा, कसा वाटला?” मास्तर चष्मा खिशात ठेवत म्हणाले, “उद्या दहाला दुकानात ये.” दहा वाजायच्या आत, पहाटे झोपेतच, त्यांचं हृदय थांबलं. त्याला आता सात आठवडे झाले.

‘उद्या दहाला’ हा मास्तरांचा नियम होता. बुधवार पेठेतल्या एका बोळात त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. ते इतकं लहान, की गिऱ्हाईक आत आलं की मास्तरांना वळता येत नसे आणि मास्तर वळले की गिऱ्हाइकाला बाहेर जावं लागे. सुती कापड आणलंत तर ते आधी रात्रभर पाण्यात घालायचे, वाळवायचे आणि मगच कात्री लावायचे, कारण कोरं कापड आखडतं. चित्रपटाच्या मतालाही त्यांनी हाच न्याय लावला होता. थिएटरच्या पायऱ्यांवर लोक जे बोलतात ते सगळं पहिल्या धुण्यात आखडणारं, असं ते म्हणत. त्यामुळे चित्रपट कुठलाही असो, मत दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर. बावीस वर्षांत हा नियम मोडलेला मी पाहिला नाही.

आमची ओळख झाली तेव्हा मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि पोट वाढल्यामुळे पँटी सैल करून घ्यायला त्यांच्याकडे गेलो होतो. माझ्या हातात आमच्या चित्रपट मंडळाचं पत्रक होतं. मास्तरांनी ते उलटं सुलटं करून पाहिलं. “काय दाखवता?” मी म्हटलं, जुने परदेशी चित्रपट, दर शनिवारी, कर्वेनगरात एका सोसायटीच्या हॉलमध्ये. “बरे असतात,” ते म्हणाले, “कपडे पूर्ण शिवलेले असतात त्यांत.” मला वाटलं, चेष्टा करताहेत. पुढच्या शनिवारी ते सायकलवरून हजर झाले.

आमच्या मंडळात चित्रपट दीड तासाचा आणि चर्चा दोन तासांची असे. अध्यक्ष खादीचा लांब कुर्ता घालत आणि ‘अवकाश’ हा शब्द दर तिसऱ्या वाक्यात वापरत. त्या शनिवारी युरोपातला एक जुना काळा-पांढरा चित्रपट होता. त्यातला कारकून सकाळी उठतो, कोट घालतो, कामाला जातो, परत येतो, आणि शेवटी एका पुलावर उभा राहतो. बास. अध्यक्षांनी चाळीस मिनिटांत त्या पुलावर महायुद्धोत्तर युरोपची सगळी रिक्तता आणून उभी केली. पुढच्या शनिवारी त्याच चित्रपटावर उरलेली चर्चा होती. कारण आमच्याकडे चर्चा उरत असे. मागच्या खुर्चीवरून मास्तरांनी विचारलं, “त्याची बायको वारली आहे का हो?”

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. चित्रपटात बायकोचा उल्लेखही नव्हता. मास्तर उभे राहिले. “कोटाची बाकीची बटणं काळ्या दोऱ्यानं लावलेली आहेत. तिसरं पांढऱ्या. तो कोट घालतो तेव्हा जवळून दाखवलंय. स्वयंपाकघराच्या दारामागे बाईचा एप्रन टांगलाय, त्याला सिनेमाभर कोणी हात लावत नाही. घरात बाई असती तर पांढरा दोरा लावून त्याला बाहेर जाऊ दिलं नसतं.” एका सभासद बाईंना हे पटलं नाही. “पुरुषांनी आपली बटणं आपण लावली तर बिघडलं काय?” मास्तर म्हणाले, “काही नाही बाई. मी आयुष्यभर तेच केलं.”

मी घरी जाऊन तो चित्रपट पुन्हा लावला आणि बटणाच्या दृश्यावर थांबवला. दोरा पांढरा होता. एप्रन होता. मग मी पुलाचं दृश्य लावलं आणि पहिल्यांदाच मला कळलं की तो माणूस तिथं का उभा आहे. या चित्रपटावर मी तोवर तीन पुस्तकं वाचली होती. त्यातल्या एकाही लेखकाच्या कोटाचं बटण बहुधा कधी तुटलं नसावं.

त्यानंतर मी मास्तरांना सोडलं नाही. निवृत्त झाल्यावर तर मंगळवारी दुपारच्या खेळाला आम्ही नवे हिंदी-मराठी चित्रपट पाहायला जायचो, आणि बुधवारी दहाला मी दुकानाच्या पायरीवर बसायचो. मास्तरांना चित्रपटांची नावं लक्षात राहत नसत. ते कपड्यांवरून ओळखत. ‘पांढऱ्या दोऱ्याचा’, ‘खिसे नसलेल्या बाईचा’, ‘तो सगळे उसन्या बुटांत फिरतात तो’. इतक्या वर्षांच्या सहवासानं मीही नावं विसरलो आहे, तेव्हा या लेखात ती सापडणार नाहीत. राजेरजवाड्यांच्या एका खर्चिक चित्रपटावर सगळं पुणं भारावलेलं असताना मास्तर म्हणाले, “तीन दिवस घोड्यावर बसलेत आणि एकाच्याही अंगरख्याला काखेत घामाचा डाग नाही. लढाईला निघालेत की वरातीला?” गरिबीवरच्या एका गाजलेल्या चित्रपटातल्या मुलाच्या चड्डीला ठिगळ होतं. “कापड नवं आहे. ठिगळ लावता यावं म्हणून फाडलंय.” एवढं बोलून त्यांनी मशीन सुरू केलं. म्हणजे विषय संपला.

पण त्यांचं कौतुकही असंच अचानक यायचं, आणि ते ऐकताना मला माझ्याच डोळ्यांची लाज वाटायची. एका लहानशा चित्रपटात, जो आठवड्यात उतरला, एक आई चूल पेटवायला वाकते. दोन सेकंदांचं दृश्य. दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, “ब्लाऊज उसवून सैल केलंय तिनं. शिवणीच्या कडेला कापडाची पट्टी गडद दिसते बघा. इतकी वर्षं आत दुमडलेली होती, तिला ऊन लागलं नाही, पाणी लागलं नाही. ज्यानं हे केलं त्याला माहितीये की तिनं नवं ब्लाऊज घेतलं नाही.” मग “मी असतो तर एवढं केलं नसतं,” असंही म्हणाले. मी एकदा वैतागून म्हटलं होतं, “मास्तर, कपड्यांशिवायही चित्रपटात काही असतं. अभिनय असतो, कथा असते.” त्यांनी सुईत दोरा ओवता ओवता उत्तर दिलं, “असेल. ते तुम्ही बघा. दोघांनी एकच कशाला बघायचं?”

यास्मिन याच मशीनवर शिकली. आई लवकर गेली, त्यामुळे शाळा सुटली की दुकानातच. तिनं बँकेत लागावं असं मास्तरांना वाटत होतं. ती मुंबईला जाऊन चित्रपटांच्या कपडेपटात लागली. सुरुवातीला काजं करणारी, मग मदतनीस. तिनं काम केलेला प्रत्येक चित्रपट मास्तरांनी पाहिला आणि दर वेळी तिला ‘उद्या दहाला’ बोलावलं. तिच्या एका चित्रपटातल्या हवालदाराच्या गणवेशावर ते सव्वा तास बोलल्याचं मी स्वतः ऐकलंय. ती वहीत लिहून घेत होती. चिडली नाही, रडली नाही, फक्त जाताना पायरीवर माझ्याशेजारी टेकली. “काका, एकदा तरी चुकून चांगलं म्हणतील का?” मी म्हटलं, “चुकून म्हणणारा माणूस नाही गं तो.” आता वाटतं, मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं.

हा शेवटचा चित्रपट तिचा स्वतःचा होता. एका शिक्षिकेच्या आयुष्याची तीस वर्षं. साड्या, ब्लाऊज, चपला, पर्स, सगळं यास्मिननं ठरवलेलं. ती मागे जाऊन बसली त्याचं कारण तिनं मला कानात सांगितलं होतं, “त्यांच्या शेजारी मला दोन तास श्वास घेता येणार नाही.” मास्तरांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली होती आणि नजर माझ्यापेक्षा तेज होती. मध्यंतरापर्यंत ते नेहमीसारखे गप्प होते. नंतर एक दृश्य आलं. बदलीचा कागद हातात घेऊन ती शिक्षिका भल्या सकाळी, धुक्यात, शाळेच्या ओसरीत एसटीची वाट पाहत उभी आहे. शाळेत अजून कोणी आलेलं नाही. तेव्हा मास्तर हळू आवाजात म्हणाले, “हिला कुणीतरी शाल द्यायला पाहिजे हो.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याशी बोलत नव्हते. थिएटरात बोलणाऱ्या माणसाला ते उघड्या तोंडाच्या कात्रीइतकं धोकादायक समजत. चित्रपट चालू असताना त्यांच्या तोंडून निघालेलं, मी ऐकलेलं, हे एकच वाक्य. मला वाटलं, वय झालं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. दफन झाल्यावर भेटायला येणाऱ्यांनी मास्तरांचं राहून गेलेलं मत आपापल्या परीनं देऊन टाकलं. कोणी म्हणालं, लेकीचं काम पाहून समाधानानं गेले. आमच्या अध्यक्षांनी शोकसभेत सांगितलं की चित्रपट पाहून मास्तर भारावलेले त्यांनी स्वतः पाहिले. अध्यक्ष त्या दिवशी नाशिकला होते. यास्मिन सगळं ऐकून घेत होती आणि मान डोलावत होती. या लोकांपैकी एकाचंही तिला खरं वाटत नाही, हे मला दिसत होतं.

मागच्या आठवड्यात तिनं मला दुकानात बोलावलं. ती आवराआवर करत होती. “काका, सगळे सांगतात अब्बा खूश होते. तुम्ही शेजारी होतात. तुम्ही तरी खरं सांगा. काही बोलले का?”

एक गोड खोटं माझ्या अगदी ओठांवर होतं. तेवढ्यात मास्तर ऐकताहेत असं वाटलं आणि ते गिळलं. म्हटलं, “मत असं काही दिलं नाही गं. एवढंच म्हणाले, की हिला कुणीतरी शाल द्यायला पाहिजे.”

“कोणत्या सीनला?”

“ओसरीत उभी असते तेव्हा. एसटीची वाट बघत.”

तिच्या हातातला कपड्यांचा गठ्ठा तसाच राहिला. “काका, तिच्या अंगातला स्वेटर पाहिलात तुम्ही?”

मी कबूल केलं की नाही पाहिला. आमची वाटणी ठरलेली होती.

“तो पुरुषाचा आहे,” यास्मिन म्हणाली. “वाईला शूटिंग होतं. मी तिच्यासाठी ठरवलेला स्वेटर आदल्या दिवशी भिजला होता आणि ती बाई थंडीनं खरोखर कापत होती. मी लाइटवाल्याच्या अंगातला काढून तिला घातला. गडबडीत कळलं नाही. बायकांच्या स्वेटरच्या मानानं बटणं उलट्या बाजूला. पडद्यावर एवढी मोठी दिसतात. सहा महिने मला झोप नव्हती, की बाकी काही नाही तरी अब्बा हे पकडणार. दहाला पहिलं वाक्य तेच असणार...” ती मशीनसमोरच्या स्टुलावर बसली. “आणि त्यांनी पाहिलंच नाही?”

मी मुळात संशयी माणूस आहे. मास्तरांनी ते पाहिलं असेल आणि दहा वाजेपर्यंत पोटात ठेवलं असेल, हे मला त्या क्षणीही सुचलं. तसं मी बोललोही. यास्मिननं मान हलवली. “उलटं बटण पाहिलेला माणूस शाल द्या म्हणेल? अब्बा?”

ज्या माणसानं काळ्या कोटावरचा एक पांढरा दोरा पाहिला, दोन सेकंदांत गडद कापडाची पट्टी पाहिली, त्याच्यासमोर पडदाभर चूक उभी होती आणि त्याला दिसली ती गारठलेली बाई. बावीस वर्षं मी त्यांच्या नजरेनं थक्क होत आलो. त्या नजरेला एका मुलीनं हातातलं काम विसरायला लावलं होतं. हे कसं केलं, असं तिला विचारावंसं वाटलं. पण तिला ते सांगता आलं नसतं, आणि मला समजलं नसतं.

“दहाला मात्र आठवला असता त्यांना स्वेटर,” मी म्हटलं.

“हो तर. दोन तास बोलले असते,” ती म्हणाली, आणि आधी हसली, मग बराच वेळ रडली. मी पायरीवर जाऊन बसलो, कारण त्या दुकानात दुसऱ्या माणसाला रडायला जागा नव्हती.

दुकान सोडायचं नाही असं तिनं आता ठरवलंय. महिन्यातून चार दिवस येऊन उघडणार आहे. काल गेलो तेव्हा भिंतीवरच्या खिळ्याला, जिथं मास्तर दुरुस्तीला आलेले कपडे अडकवत आणि काय करायचं त्याची चिठ्ठी टाचणीनं लावत, तिथं एक करडा स्वेटर लटकत होता. लाइटवाल्याला तिनं नवा घेऊन दिला म्हणे. चिठ्ठीही लावली होती. चष्मा लावून वाचली. तिच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘काही करायचं नाही.’