उंबरा

आखातात, ईसा टाउनमधल्या आमच्या नव्याकोऱ्या घराची दारं घासत होती, म्हणून एक सुतार यायचा. रत्नागिरीकडचा मुसलमान, माझ्याहून वयानं मोठा. काम बघून आधी "मफी, होणार नाही" म्हणायचा आणि मग तेच काम करायचा. कौतुक केलं की हत्यारं आवरू लागायचा.

एकदा बायको मला म्हणाली, "या घराला उंबरासुद्धा नाही. मला गावी पाठवा." तो रंधा मारत होता. त्यानं मान वर केली नाही.

शुक्रवारच्या सुट्टीत तो न बोलावता आला. मीना सलमान बंदरावरच्या गोदामातली जुनी फळी तासून त्यानं दारात उंबरा बसवला. "उंबऱ्याशिवाय घर कसला, वहिनी?" एवढंच बोलला.

महिनाभर बांधून ठेवलेली ट्रंक बायकोनं त्याच दुपारी उघडली. मी आठवडाभर उंबऱ्याला ठेचकाळलो.