वाघ गाळायची चाळणी

काही ऑफिसांत फायली साचतात, काहींत नुसती धूळ. आमच्या खोलीत किस्से साचतात. एक सांगायला घ्यावा तर दुसरा कोपर मारून पुढे येतो, आणि ऐकणारा म्हणतो, "आपा, हे तुम्ही रचून सांगता!" शप्पथ नाही! रचायला डोकं लागतं, आणि आमची डोकी उजाडायच्या आधीपासून त्या काळ्या स्क्रीनला वाहिलेली असतात.

खोली चंद्रपुरात, बियाण्यांच्या एका दुकानावर. माणसं चार. मी घुग्घुसची शेख. वडिलांचं ट्रकच्या सीटकव्हरचं दुकान, त्यामुळे मोठ्या आवाजात बोलायची सवय लहानपणापासून. दुसरे मेश्रामभाऊ. जन्मभर जंगल खात्याच्या वायरलेसवर बसले, आता रिटायर होऊन आमच्यात आले, पण घरी बायकोनं हाक मारली तरी "रॉजर" म्हणतात. तिसरा बिस्वास, मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातला. कॉम्प्युटर फक्त त्याचं ऐकतो. आणि चौथी दीक्षा, चिमूरकडच्या खेड्यातली, वयानं सगळ्यांत लहान आणि जिभेनं सगळ्यांत तिखट.

काम सोपं आहे. जंगलाला लागून असलेल्या गावांतली माणसं आणि वनरक्षक आमच्या एका नंबरवर मेसेज टाकतात: इथे वाघ दिसला, तिथे बिबट्या बसलाय. एक मेसेज म्हणजे एक ओळ. पण त्या ढिगात निम्म्याहून जास्त ओळी भलत्याच असतात. लाईट गेली, बैल हरवला, गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात! त्यातून कामाच्या ओळी काढायला बिस्वासनं ग्रेप नावाची कमांड लावली आहे. तिला सांगायचं, अमुक शब्द असलेल्या ओळी दे, बाकीच्या सोड. आम्ही तिला चाळणी म्हणतो. चाळणीनं निवडलेली ओळ आपोआप त्या गावच्या पोरांकडे जाते, पोरं भोंग्यावरून ओरडतात, आणि जंगल खात्याच्या पथकाची गाडी निघते.

उन्हाळा लागता लागता मोहफुलं गळतात आणि बाया टोपल्या घेऊन भल्या पहाटे जंगलात शिरतात. त्या निघायच्या आत भोंगा वाजला पाहिजे. वाघ आधी पोचतो की मेसेज, एवढाच आमचा धंदा! आणि दीक्षाची आई, सुमनबाई, त्यांच्या गावात सगळ्यांच्या आधी घर सोडते. त्या दिवसांत दीक्षाचा जीव टांगणीला लागलेला असतो. तिचा चहा रोज तसाच गार होतो.

*

चाळणीत दोन शब्दांच्या मध्ये उभी रेघ टाकली की तिचा अर्थ "किंवा". वाघ किंवा बिबट किंवा अस्वल. एवढं मेश्रामभाऊंनी पाठ केलं आणि एके दिवशी बिस्वास गावी गेलेला असताना स्वतः चाळणीला हात लावला. रानडुक्कर जोडायचं होतं. जोडलं. पुढे आणखी काही सुचेल म्हणून शेवटी एक उभी रेघ टाकून ठेवली आणि सुचलं काहीच नाही!

रेघेपुढे काहीच नसलं की यंत्राच्या लेखी अर्थ होतो, "किंवा काहीही चालेल." मग काय, आलेली प्रत्येक ओळ पास! सुप्रभात पास, हरवलेला बैल पास. मूल गावाकडच्या एका माणसानं आम्हांला प्रेमानं टाकलेला मेसेजही पास: "आज आमच्या इथी कार्यक्रम हाय, सगळ्यायनं लवकर या."

पथकाचा ड्रायव्हर पूर्ण मेसेज कधीच वाचत नाही. "लवकर या" दिसलं की गाडी काढतो. जाळं, पिंजरा, बेशुद्धीची बंदूक घेऊन पथक थेट लग्नाच्या मांडवात!

दुसऱ्या दिवशी बिस्वासनं विचारलं, "भाऊ, पथक आलं तेव्हा मांडवातले लोक घाबरले नाहीत?"

मेश्रामभाऊ म्हणाले, "घाबरतीन काऊन? नवरदेवानं पिंजऱ्यासोबत फोटो काढला. आन् पथकानं रिपोर्टात लिहिलं, परिस्थिती नियंत्रणात, जेवण उत्तम."

*

सिंदेवाहीकडे आमचे एक वनरक्षक आहेत, वाघमारे. माणूस सोन्यासारखा. रोज न चुकता मेसेज टाकणार आणि खाली स्वतःचं नाव लिहिणार. "आज सगळीकडे शांतता. वाघमारे."

चाळणीला त्यात वाघ दिसणार, हे उघड आहे. शांततेच्या ठिकाणी रोज गाडी जायला लागली. पथकवाले वैतागले. बिस्वास तेव्हा दुसऱ्या कामात अडकला होता, म्हणून त्यानं झटपट तोड काढली. ग्रेपला उलटंही सांगता येतं: अमुक शब्द असलेल्या ओळी मला देऊच नको. त्यानं उलटी चाळणी लावली आणि वाघमारे नाव असलेली ओळच गाळून टाकली. गाडी जायची थांबली. सगळे खूश.

मग एके सकाळी वाघमारेंना खरोखरच वाघ दिसला. अगदी जवळून! ते जवळच्या निरीक्षण मनोऱ्यावर चढले, वरून मेसेज टाकला आणि शिस्तीत खाली नाव लिहिलं. थोड्या वेळानं पुन्हा टाकला, पुन्हा नाव लिहिलं. ओळ येत होती आणि गळून जात होती, आम्ही इकडे निवांत पोहे खात होतो. शेवटी दुपारी वाघ कंटाळून निघून गेला, तेव्हा ते उतरले.

संध्याकाळी ते खोलीवर आले. आम्ही माना खाली घालून उभे. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले आणि बिस्वासला म्हणाले, "साहेब, वाघानं मले सोडलं. तुमीच गाळून राह्यले!"

बिस्वासचा चेहरा पाहवत नव्हता. त्यानं त्याच दिवशी पूर्ण शब्द ओळखणारी नवी चाळणी बसवली आणि वाघमारेंच्या मुलाच्या बारशाला आम्ही सगळे आहेर घेऊन गेलो.

*

मोठे साहेब एकदा पाहणीला आले. आमची स्क्रीन म्हणजे काळ्यावर पांढरी अक्षरं, चित्र नाही, नकाशा नाही. साहेबांनी चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, "हे बंद का आहे?"

बिस्वास म्हणाला, "सर, चालू आहे."

"मग काही दिसत का नाही?"

ग्रेपमध्ये सापडलेला शब्द लाल रंगात दाखवायची सोय आहे. बिस्वासनं ती चालू केली. काळ्यावर जागोजागी वाघ, वाघ, वाघ असं लाल लाल उमटलं. साहेब एकदम खूश! "आता कसं सिस्टिम वाटतंय!"

जाताना त्यांनी मेश्रामभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी हिरवे वाघही दिसले पाहिजेत." आम्ही अजून त्यावर विचार करतोय.

*

गडचिरोलीच्या आतल्या गावांतून एकाएकी बातम्याच येईनात. आम्हांला वाटलं, टॉवर बंद असेल. टॉवर चालू. मग वाटलं, वाघ तिकडून हलले असतील. दीक्षा म्हणाली, "वाघ हलन, पण मानसं बोलाची थांबत नाई."

मेश्रामभाऊ आणि मी गाडी काढून निघालो. पहिल्याच गावातले मडावीकाका घराच्या पडवीत बसलेले. आम्हांला पाहून त्यांनी तोंडच फिरवलं! खाट दिली, पाणी दिलं, पण बोलेनात.

बऱ्याच वेळानं उलगडलं. तिकडची रीत अशी की आधी जोहार घालायचा. समोरून जोहार आला की मग कामाचं बोलायचं. मडावीकाका मेसेजमध्येही तसंच करायचे. आधी नुसतं "जोहार" टाकून वाट पाहायची. पूर्वी मेश्रामभाऊ प्रत्येकाला हातानं उत्तर द्यायचे. मग चाळणी आली. जोहार, जय भीम, रामराम, सलाम, सगळं कचऱ्यात! कोणी उत्तर देईना, म्हणून कोणी पुढचं सांगेना.

"वाघ दिसला व्हता ना काका?" मी विचारलं.

"दिसला. दोनदा."

"मग सांगितलं काऊन नाई?"

"बाई," काका म्हणाले, "ज्याले नमस्कार घ्यावासा वाटत नाई, त्याले वाघ काऊन देऊ?"

मला खरंच लाज वाटली. परत आल्यावर बिस्वासनं नमस्कारांसाठी वेगळी चाळणी केली. ज्यानं जे म्हटलं, तेच त्याला उलट जातं. तेव्हापासून गडचिरोलीचे वाघ पुन्हा सुरू झाले.

*

आता सुमनबाईंचं. त्या एकदा डोळे तपासायला चंद्रपुरात आल्या आणि खोलीवर येऊन बसल्या. पायाशी पिशवी, पिशवीत आमच्यासाठी मोहाचे लाडू. दीक्षानं संधी साधली.

"आई, भोंगा वाजला का जाऊ नको ना माय. किती डाव सांगू तुले?"

"मोहा का भोंगा पाहून पडते? तो आपल्या पोटासाठी फिरते, मी माह्या."

"आन् काही झालं तं?"

"एवढी वर्षं नाई झालं. तुह्या शिक्षणाची फी मोहानंच भरली. वाघानं भरली काय?"

दीक्षा उठून खिडकीपाशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. आई निघण्याआधी दीक्षानं तिला फोनवर मराठीत टाईप करायला शिकवलं. निदान काही दिसलं तर कळव, एवढंच मागणं. सुमनबाई शिकल्याही चटकन.

पण त्या कळवायच्या काय? रोज जंगलात जाता जाता आमच्या सरकारी नंबरवर एकच मेसेज: "दीक्षा जेवली काय." पहाटे! चाळणीला त्यात कामाचं काही दिसत नसे, ओळ गळून जायची. म्हणून दीक्षा रोज सकाळी एक खासगी उद्योग करायची. उलटी चाळणी लावून गळलेल्या ओळी काढायच्या, त्यात फक्त आईचा नंबर शोधायचा, ती ओळ वाचायची आणि "जेवली" असं उत्तर टाकायचं. आईची ओळ आली म्हणजे आई धड आहे. आम्ही चिडवायचो, "एवढी मोठी सिस्टिम, आणि हिला जेवणाचा वाघ शोधायचाय!"

*

मोहाचा भर होता. आम्ही चौघं खोलीत, बाहेर अजून झुंजुमुंजू. चाळणीवर सुमनबाईंच्या गावची एकही ओळ नव्हती. मेश्रामभाऊ म्हणाले, "चिमूर साईड क्लीअर." दीक्षानं सवयीप्रमाणे उलटी चाळणी लावली. आईची ओळ होती. पण जेवणाची नव्हती.

"आज मोहा वेचाले कोनी येऊ नका."

एवढंच. वाघ नाही, बिबट नाही, अस्वल नाही. चाळणीनं तरी ती कशाला पकडावी? बिस्वास म्हणाला, "पाऊस आला असेल तिकडे." पण दीक्षाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माही आई असं म्हनूच शकत नाई. ती मोहा सोडत नसते." तिनं फोन उचलला आणि आईचा नंबर लावायला गेली.

मेश्रामभाऊंनी तिचा हात धरला. "फोन करू नको! रिंग वाजन."

दीक्षानं फोन खाली ठेवला आणि चाळणी बाजूला सारून स्वतःच गावच्या पोरांना मेसेज टाकला. भोंगा वाजला. टोपल्या घेऊन नाल्यापर्यंत पोचलेल्या बाया तिथूनच माघारी फिरल्या, हे पोरांनी कळवलं. पथकाची गाडी निघाली. मग कुणाकडे काही करायला उरलं नाही. बिस्वास तिकडे बंगालीत काहीतरी पुटपुटत होता, माझ्या ओठांवर दुआ होती, आणि दीक्षा हाताची घडी घालून त्या एका ओळीकडे पाहत बसली होती. मी तिच्या खुर्चीमागे उभी राहिले. दुसरं काय करणार?

ऊन खिडकीत आलं तेव्हा फोन वाजला. सुमनबाईच! शेताच्या मचाणावर चढून बसल्या होत्या, पथकानं फटाके वाजवून जनावर हाकललं आणि त्यांना उतरवलं. अंगावर ओरखडासुद्धा नाही. दीक्षा आधी रडली. मग जी भडकली!

"आई, येवढं टाईप केलं तं वाघ म्हनून काऊन नाई लिवलं? एक शब्द! तो शब्द नसला का आमच्या चाळणीले काहीच समजत नाई. मी पाह्यलं नसतं तं?"

फोन स्पीकरवर होता. पलीकडून सुमनबाईंचा आवाज आला, अजून दबकाच.

"मचाणाखाली वर मान करून बसला व्हता तो. त्याच्या तोंडापुढं त्याचं नाव लिवू काय?"